चार मायक्रॉनचा काप

सकाळी साडेसात

जिल्ह्याच्या गावातली आमची हिस्टोपॅथॉलॉजीची लॅब साडेसातला उघडते, कारण रात्रीच्या मशीनचं काम तेव्हा संपलेलं असतं. आदल्या संध्याकाळी टिश्यू प्रोसेसरमध्ये लावलेले तुकडे रात्रभर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेलेले असतात. आधी फॉर्मेलिन, मग 70 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंत चढत जाणारं अल्कोहोल, मग झायलीन, आणि शेवटी साधारण 60 अंश सेल्सिअसला वितळलेलं मेण. जिवंत पेशीच्या वजनातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग पाण्याचा असतो. ते पाणी अल्कोहोलने काढून घ्यायचं, अल्कोहोलला झायलीनने हटवायचं आणि झायलीनच्या जागी मेण भरायचं, एवढ्यासाठी हा रात्रभरचा खटाटोप. मऊ, ओल्या तुकड्याचा पातळ काप निघत नाही. मेण मुरलेल्या तुकड्याचा निघतो.

आमच्या टेक्निशियन ताई आल्या आल्या मशीनचं घड्याळ बघतात. रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरही बसला, तर तुकडे अर्धवट राहतात आणि सगळी साखळी उलटी फिरवून पुन्हा सुरू करावी लागते. सगळं ठीक असलं की त्या ब्लॉक करायला बसतात. कॅसेटवरचा नंबर पेन्सिलीनेच लिहिलेला असतो. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, आणि नंबर गेला तर माणूस गेला. जठराचा दोन मिलिमीटरचा तुकडा साच्यात आडवा पडला की उभा राहिला, यावर मला पुढे काय दिसणार ते ठरतं. अस्तराचा वरचा थर आणि तळाच्या ग्रंथी एकाच कापात आल्या पाहिजेत. हे चिमट्याचं आणि नजरेचं काम आहे. माझं निदान ताईंच्या हातावर उभं असतं, हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते.

साडेआठ

ब्लॉक बर्फावर थंड करून मायक्रोटोमला लावतात. चाक फिरतं तशी ब्लेडवरून मेणाची रिबन उतरत जाते. एकेक काप चार मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे. रिबन कोमट पाण्यावर सोडली की तिच्या सुरकुत्या जातात, मग खालून काच घालून काप अलगद उचलायचा. या वेळी पंखा बंद ठेवतात.

डीएमएलटीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाचा, एक विद्यार्थी सध्या शिकायला येतो. त्याने परवा विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ‘‘मॅडम, पुस्तकात प्रत्येक पेशीत मधोमध केंद्रक दाखवतात. इथे कितीतरी पेशींना केंद्रकच नाही.’’ त्याला मी सांगितलं, आधी मापं बघ. माणसाच्या बहुतेक पेशी 10 ते 30 मायक्रॉनच्या, केंद्रक 5 ते 10 मायक्रॉनचं. चार मायक्रॉनचा काप म्हणजे एकाच पेशीच्या अनेक चकत्या. उकडलेलं अंडं कापलं तर कडेच्या चकत्यांत बलक येत नाही, तसंच हे. यकृताच्या बऱ्याच पेशींना दोन केंद्रकं असतात, पण कापात त्यातलं एकच सापडतं किंवा एकही सापडत नाही. खरोखर केंद्रक नसलेली, आम्हाला रोज भेटणारी पेशी म्हणजे रक्तातली तांबडी पेशी. अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच ती आपलं केंद्रक टाकून देते. नवी प्रथिनं करणं तिला जमत नाही, त्यामुळे झीज भरून निघत नाही आणि ती साधारण 120 दिवस टिकते. आम्हाला मात्र तिचा मोठा उपयोग होतो. ती सात-साडेसात मायक्रॉनची असते आणि जवळजवळ प्रत्येक कापात कुठे ना कुठे असतेच, म्हणून बाकीच्या पेशी आणि केंद्रकं तिच्याशी ताडून बघायची.

पुस्तकात काढलेली ती सर्वसाधारण पेशी, सगळे घटक थोडेथोडे असलेली, शरीरात शोधू गेलं तर सापडत नाही. सापडतात त्या आम्ल करणाऱ्या, पाचकरस करणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या, आकुंचन पावणाऱ्या पेशी. घटक सगळ्यांकडे तेच. पण कुणाला कशासाठी किती जागा द्यायची, हे प्रत्येकीने आपल्या कामाप्रमाणे ठरवलेलं असतं. ते वाटप मेलेल्या, मेणात घातलेल्या, चार मायक्रॉनच्या कापातसुद्धा दिसतं. मी दिवसभर वाचते ते हेच.

पावणेदहा

रंगाशिवाय काप काचेवर दिसत नाही म्हटलं तरी चालेल. झायलीनने मेण काढायचं, काप पुन्हा पाण्यात आणायचा आणि हिमॅटॉक्झिलिनमध्ये सोडायचा. हा रंग मेक्सिकोच्या कॅम्पेचे भागातल्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून येतो. नुसता तो पेशीला धरत नाही. त्याला तुरटी लागते. कापड रंगवणाऱ्यांना तुरटीचं हे काम आमच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमशी जोडला गेला की रंग धनभारित होतो, आणि डीएनएच्या धाग्यावरचे फॉस्फेट ऋणभारित असतात, त्यामुळे तो तिथे जाऊन चिकटतो. केंद्रक निळं दिसतं ते त्यामुळे. रायबोझोममध्ये आरएनए असतो, म्हणून रायबोझोमांची दाटी असलेलं पेशीद्रव्यही निळसर होतं. काच सुरुवातीला तांबूस-जांभळी असते; अल्कधर्मी पाण्याखाली धरली की डोळ्यांदेखत निळी होते. आमच्या बोअरचं जड पाणी चहाला वाईट असेल, पण या कामाला फार चांगलं आहे.

मग इओसिन, 1870च्या दशकात जर्मनीत तयार झालेला कृत्रिम रंग. तो प्रथिनांना धरतो आणि गुलाबी करतो. जिथे प्रथिनांची गर्दी, तिथे गडद गुलाबी.

काही जागा दोन्ही रंगांपासून कोऱ्या राहतात, आणि त्याही वाचायच्या असतात. यकृताच्या पेशीत साठलेली चरबी झायलीनमध्ये विरघळून गेलेली असते; मागे काठ स्वच्छ असलेल्या गोल पोकळ्या उरतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये हल्ली सर्रास दिसणारं फॅटी लिव्हर कापात ओळखायचं ते या पोकळ्यांवरून.

एक गोष्ट मात्र माझ्या सूक्ष्मदर्शकाला कधीच दिसत नाही, ती म्हणजे पेशीचं पटल. ते सात-आठ नॅनोमीटर जाडीचं. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा 200 नॅनोमीटरच्या आसपास, हे एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये दाखवून दिलं होतं. भिंग कितीही चांगलं घेतलं तरी ही अट मोडत नाही. पेशीच्या आतली पटलांची सगळी रचना उलगडली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. कीथ पोर्टर, आल्बर्ट क्लोड आणि अर्नेस्ट फुलम यांनी 1945 मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या एका अख्ख्या पेशीचं छायाचित्र प्रसिद्ध केलं, तिथून. जुन्या अभ्यासकांनी रंगांवरून आणि पोतावरून जे अंदाज बांधले होते त्यांतले किती बरोबर निघाले हे बघितलं की मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो.

अकरा

पहिला ट्रे जठराच्या बायॉप्सींचा. पेशी शिकायची तर जठराच्या अस्तराइतकी चांगली जागा दुसरी नाही असं माझं मत आहे. दोन-अडीच मिलिमीटरच्या तुकड्यात चार प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी उभ्या असतात आणि चौघींचे रंग वेगळे.

सगळ्यात वर श्लेष्मल पेशी. वरचा भाग फिका, फेसाळ. केंद्रक तळाशी दाबलेलं. फिका भाग म्हणजे साठवलेला श्लेष्मा, जो जठराच्या भिंतीचं आम्लापासून रक्षण करतो.

खाली ग्रंथीत उतरलं की भडक गुलाबी, गुबगुबीत पेशी दिसतात. या पॅरायटल पेशी, जठरातलं आम्ल करणाऱ्या. हा गुलाबी रंग मायटोकॉन्ड्रियांचा, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिकांचा. पेशीच्या आकारमानातला सुमारे तिसरा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. इतका का? कारण रक्तात हायड्रोजनचे जितके आयन असतात त्याच्या दहा लाखपटीहून अधिक दाट करून ते पलीकडे ढकलायचे असतात, आणि प्रत्येक ढकलण्याला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, मोजावा लागतो. ऑक्सिजन वापरून अन्नातली ऊर्जा एटीपीत बांधण्याचं काम मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्याघड्यांच्या पटलावर चालतं. हा एटीपी 1929 मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमन यांनी स्वतंत्रपणे शोधला. सुब्बारावांचं नाव आपल्या शाळांमध्ये प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं. घरोघरी सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी पँटोप्रॅझोलची गोळी आयन ढकलणारा हाच पंप बंद पाडते. ती फार दिवस घेतलेल्या माणसाच्या बायॉप्सीत या पेशी फुगून ग्रंथीच्या पोकळीत डोकावताना दिसतात. अर्जावर औषधांची नोंद नसली तरी मी कधी कधी ते ओळखते.

आणखी खाली, तळाशी, चीफ पेशी. यांचा पाया निळसर-जांभळा. तो रंग खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेचा. तिच्या पटलांवर रायबोझोम रांगेने बसलेले असतात. या पेशीचं काम पेप्सिनोजेन नावाचं प्रथिन करून बाहेर टाकणं. केंद्रकातल्या जनुकाची आरएनए प्रत निघते, केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रातून बाहेर येते, रायबोझोमवर वाचली जाते. तयार होणाऱ्या साखळीच्या टोकाला एक खूण असते, ‘मला जालिकेत घ्या’ असं सांगणारी. या खुणेच्या कामासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. जालिकेत घडी पडून प्रथिन गॉल्जी पिंडाकडे जातं आणि तिथून पुड्यांत बांधलं जाऊन पेशीच्या वरच्या टोकाला थांबतं. जेवणाचा निरोप आला की पुड्यांचं पटल पेशीच्या पटलात मिसळतं आणि माल बाहेर. हा सगळा रस्ता जॉर्ज पालाडे आणि जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडात पावलापावलाने शोधला. त्यांनी काही मिनिटं किरणोत्सारी ल्युसिन दिलं आणि ते कुठे कुठे जातं ते टिपलं. तीन मिनिटांनी ते जालिकेत होतं, थोड्या वेळाने गॉल्जीच्या आसपास, आणि दोन तासांच्या आत साठवणीच्या कणांमध्ये.

पेप्सिनोजेन पेशीत असेपर्यंत निष्क्रिय असतं. बाहेर शेजारणीने केलेलं आम्ल मिळालं की त्याचं पेप्सिन होतं आणि ते प्रथिनं पचवू लागतं. आतच सक्रिय झालं असतं तर त्याने आधी आपल्या जन्मदात्या पेशीलाच पचवलं असतं. धोकादायक गोष्टी वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, ही आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी पेशींची मूळ रीत आहे.

ग्रंथींच्या मधल्या जागेत, सूज असेल तर, प्लाझ्मा पेशी भेटतात, आणि त्या दिसल्या की मी विद्यार्थ्याला हाक मारते. अंडाकृती पेशी, केंद्रक एका बाजूला, पेशीद्रव्य जांभळट, आणि केंद्रकाला चिकटून एक फिका चंद्रासारखा डाग. ही पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर सोडते. जांभळटपणा रायबोझोमांचा. आणि तो फिका डाग गॉल्जी पिंडाचा. तिथे रायबोझोम नाहीत म्हणून निळा रंग चढत नाही. कामिल्लो गॉल्जी यांनी 1898 मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथे घुबडाच्या मेंदूतल्या पेशींमध्ये चांदीच्या क्षाराने रंगवून हे जाळं पाहिलं. त्यानंतर अर्धशतकभर अनेक जाणते लोक म्हणत राहिले की असं काही नसतं, तो चांदीने पाडलेला डाग आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने 1950च्या दशकात वाद मिटवला. मला वाटतं, प्लाझ्मा पेशीतला हा फिका डाग शांतपणे बघितला असता तर वाद इतका लांबला नसता.

सूज असली की कारण शोधायचं. श्लेष्म्याच्या थरात, पेशींच्या पृष्ठभागाला लागून, तीन मायक्रॉनचे वाकडे जंतू असतात का ते बघायचं. हेलिकोबॅक्टर. 1979 मध्ये पर्थमधले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना ते अशाच रोजच्या बायॉप्सींमध्ये दिसले. आम्लात जंतू जगत नाहीत हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे त्यांचं कुणी मनावर घेईना. पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. रोजच्या कामाच्या काचेवर इतकं मोठं काही सापडू शकतं, हे आमच्या पेशातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

ट्रेच्या शेवटी मानेतल्या गाठीची एक काच. एका तरुण मुलीची. पेशींचे गोलाकार पुंजके, मध्ये सगळी रचना मोडून गेलेला गुलाबी भाग. क्षयरोग वाटतो. ताईंना सांगते, याच ब्लॉकचा आणखी एक काप घ्या आणि क्षयाचे जंतू दाखवणारा झील-नील्सनचा रंग करा.

पाऊण वाजता

स्तनाच्या गाठीची काच. इथे प्रश्न वाटपाचा नसतो, विभाजनाचा असतो. ग्रेड ठरवताना तीन गोष्टी बघायच्या. पेशी अजून नळ्या करतात का, केंद्रकं किती बेढब आहेत, आणि ठराविक क्षेत्रात किती पेशी विभाजन पावताना सापडतात. शेवटचं मोजायला वेळ लागतो आणि मी ते घाईने करत नाही.

विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो. तो आता 46 आखूड, जाड गुणसूत्रांत गुंडाळला जातो, आणि गुणसूत्रं मधोमध एका ओळीत येतात. दोन्ही टोकांकडून सूक्ष्मनलिकांचे धागे येऊन त्यांना ओढतात. कापात धागे दिसत नाहीत. दिसते ती निळ्याकाळ्या गुणसूत्रांची आडवी पट्टी, किंवा एकमेकांपासून दूर जाणाऱ्या दोन पट्ट्या. कर्करोगात कधी तीन टोकांकडे ओढलेली गुणसूत्रं दिसतात. निरोगी पेशी असं करत नाही.

या नलिकांवर काम करणारं एक औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलं आहे. व्हिंक्रिस्टिन नलिका जुळूच देत नाही. स्तनाच्या कर्करोगात देतात ते पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीतून मिळालं. ते उलट वागतं, जुळलेल्या नलिका सुटू देत नाही. दोन्हीमुळे विभाजन अडतं. आणि दोन्हीमुळे हातापायांना मुंग्या येतात, कारण मज्जातंतूच्या लांबलचक धाग्यात मालाची ने-आण याच नलिकांवरून होते.

पुढची तपासणी, आयएचसी, म्हणजे प्रतिपिंडं वापरून ठराविक प्रथिनं रंगवणं, आम्ही मोठ्या शहरात पाठवतो. तिथून परत येणाऱ्या काचांवर तपकिरी रंग कुठे चढला, यावर बाईंचं औषध ठरतं. इस्ट्रोजेनचा ग्राहक केंद्रकात असतो, कारण हे संप्रेरक पटल ओलांडून आत जातं आणि डीएनएपाशी काम करतं. म्हणून केंद्रक तपकिरी झालं तरच तो निकाल धरायचा. हर-टू हा ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतो, म्हणून तिथे रंग कडेने गोल फिरलेला लागतो. सकाळी म्हटलं की पटल दिसत नाही. पटलावरच्या प्रथिनावर रंग साचला की त्याची जागा अशी कळते. केंद्रक तपकिरी असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी, कड तपकिरी असेल तर ट्रॅस्टुझुमॅब. पेशीची रचना हा परीक्षेत पाच मार्कांना येणारा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी या काचा दाखवते.

तीन

जेवणानंतर ग्रॉसिंग. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव बरण्यांतून येतात : अपेंडिक्स, पित्ताशय, गर्भाशय. बऱ्याचदा नातेवाईकच बरणी हातात घेऊन येतात, कधी एसटीने दोन तालुके ओलांडून. वर्णन सांगायचं, माप घ्यायचं, कडांना शाई लावायची, तीन-चार मिलिमीटर जाडीचे तुकडे कापून कॅसेटमध्ये घालायचे.

आज एक गाठ साध्या पाण्यात आली आहे. फॉर्मेलिन संपलं होतं, असं सोबतच्या मुलाने सांगितलं. मला फार वाईट वाटतं, कारण यात पेशंटचा काही दोष नाही आणि नुकसान त्याचंच. रक्तपुरवठा तुटला की पेशीत एटीपी होत नाही, पंप थांबतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगते. मग लायसोसोम फुटू लागतात. लयकारिका म्हणतात त्यांना पाठ्यपुस्तकात. पटलाने वेढलेल्या या पिशव्यांत पन्नासहून अधिक प्रकारची विकरं असतात. प्रथिनं, चरबी, डीएनए, सगळं तोडणारी. बेल्जियममधले क्रिस्तियाँ द द्यूव उंदराच्या यकृतावर काम करत होते. एक विकर त्यांच्या हिशेबापेक्षा कमी सापडायचं आणि काही दिवस ठेवलेल्या नमुन्यात वाढलेलं दिसायचं. ते कुठल्यातरी पिशवीत बंद असणार, असा तर्क त्यांनी केला आणि 1955 मध्ये लायसोसोमला नाव दिलं. क्लोड आणि पालाडे यांच्यासह त्यांना 1974 चं नोबेल मिळालं. जिवंतपणी या पिशव्या पेशीतला जुना, मोडका माल पचवून पुन्हा वापरायला देतात. बरणीत त्या पेशीलाच पचवतात.

फॉर्मेलिन हे थांबवतं. प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, विकरंही त्यात बांधली जातात. पण ते ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं, आणि तुकड्याच्या दहापट तरी लागतं. म्हणून मोठी गाठ आली की आधी चिरून ठेवायची. उशीर झाला तर दुपारी मोजले तसे विभाजनाचे आकडे कमी भरतात आणि ग्रेड चुकू शकते. संबंधित डॉक्टरांना फोन करून हे मी सविस्तर सांगते. पुढच्या वेळी बरण्या इथूनच भरून नेण्याचं त्यांनी कबूल केलं आहे.

साडेचार

पॅप स्मीअर. इथे काप नाही, अख्ख्या सुट्या पेशी, त्यामुळे केंद्रक प्रत्येकीत सापडतं. गर्भाशयमुखाच्या खोल थरातल्या पेशींचं केंद्रक मोठं, वरच्या थरातल्यांचं लहान आणि गडद. एचपीव्ही विषाणू शिरला की केंद्रक सुरकुततं आणि भोवती रिकामं वलय पडतं. आजच्या सगळ्या काचा स्वच्छ आहेत. झटपट सह्या करते, कारण बायका बाहेर बाकावर वाट बघत बसल्या आहेत आणि शेवटची गाडी साडेपाचची आहे.

सहा

झील-नील्सनची काच सुकून आली. तेल लावून शंभरच्या भिंगाखाली घेते. ऊतीत क्षयाचे जंतू फार थोडे असतात; अर्धा तास एकाच काचेवर जातो. पार्श्वभूमी निळी, जंतू असेल तर लालगुलाबी, दोन ते चार मायक्रॉन लांब.

सकाळी दिसलेले पुंजके मॅक्रोफेज पेशींचे. त्यांचं काम गिळण्याचं. पटल जंतूभोवती गुंडाळायचं, त्याला पिशवीत बंद करायचं, ती पिशवी लायसोसोमला जोडायची, की आम्ल आणि विकरं आत. बहुतेक जंतू इथे संपतात. क्षयाचा जंतू पिशवीत जातो, पण पिशवी लायसोसोमला जोडूच देत नाही, तिला पुरतं आम्लही होऊ देत नाही. आपल्या पेशीच्या कप्प्यांतल्या एका कप्प्यात तो राहायला लागतो. त्याला स्वतःला ना केंद्रक, ना कप्पे. सुमारे 44 लाख अक्षरांचा डीएनए आणि साधारण चार हजार जनुकं. विभाजनाला त्याला वीसेक तास लागतात. मॅक्रोफेज मग एकमेकींना चिकटतात, काही एकत्र मिसळून पुष्कळ केंद्रकांची एकच मोठी पेशी होते, आणि भोवती लसिकापेशींचं कडं पडतं. मुलीच्या मानेतली गाठ ती ही.

विद्यार्थी शेजारच्या नळीतून बघतोय. तो विचारतो, ‘‘औषध जंतूला मारतं, मग आपल्या पेशीला का नाही?’’ उत्तर पुन्हा रचनेतच आहे. स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या रायबोझोमला धरतं. आपल्या पेशीद्रव्यातले रायबोझोम मोठे आणि वेगळ्या घडणीचे, ते वाचतात. पण आपल्या मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा वेगळा डीएनए आहे, 16,569 अक्षरांचा, आणि स्वतःचे रायबोझोम आहेत, जंतूंच्या रायबोझोमांसारखे. कारण मायटोकॉन्ड्रिया मुळात जंतूच होते. अब्जावधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिलेले. लिन मार्गुलिस यांनी 1967 मध्ये हे जोरकसपणे मांडलं तेव्हा त्यांचा निबंध कित्येक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज त्यावर वाद उरलेला नाही. काही घराण्यांमध्ये आईकडून येणाऱ्या या डीएनएत एका अक्षराचा बदल असतो, ज्याने मायटोकॉन्ड्रियाचा रायबोझोम जंतूच्या रायबोझोमाच्या आणखी जवळ जातो. अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातली इंजेक्शनं दिली तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. हट्टी क्षयावर देतात त्या लिनेझोलिडने रक्त कमी होतं, पायांची संवेदना जाते, तेही मायटोकॉन्ड्रियालाच धक्का लागल्यामुळे. म्हणून पेशंटला ‘मामाला किंवा मावशीला इंजेक्शनानंतर ऐकू येईनासं झालं होतं का’ हा प्रश्न विचारणारा डॉक्टर मला हुशार वाटतो.

काचेच्या कडेला, मोडलेल्या भागाच्या काठावर, एक सापडला. किंचित वाकलेला, लालगुलाबी. थोड्या अंतरावर दुसरा. विद्यार्थ्याला दोन्ही दाखवते, ताईंनाही बोलावते. रंग त्यांनी केलेला असतो, बघायला त्या असल्याच पाहिजेत.

सर्जनना फोन लावते. त्यांनी गाठीचा एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये वेगळा ठेवून सीबीनॅटसाठी, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या डीएनएच्या तपासणीसाठी, पाठवला आहे. रिफॅम्पिसिन चालेल की नाही ते उद्या त्यातून कळेल. 2012 पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं खासगी दवाखान्यांनाही बंधनकारक आहे. निक्षय या सरकारी पोर्टलवरची नोंद सर्जनकडून होईल, रिपोर्ट मी आताच पाठवते. मुलीचे वडील उद्या सकाळी दहाला येणार आहेत.